बाकावरच्या सात जणांविषयी: हॉकी इंडियाच्या निवड समितीला खुले पत्र

प्रति,
निवड समितीचे सदस्य आणि पुरुष व महिला संघांचे प्रशिक्षक,
हॉकी इंडिया

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०२६ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये विश्वचषक आहे. तो आटोपून तीन आठवडे होतात न होतात तोच १९ सप्टेंबरपासून जपानमध्ये आयची-नागोयाची आशियाई क्रीडा स्पर्धा. विश्वचषकात पुरुष संघाला १९७५ नंतर पदक मिळालेलं नाही. आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळालं तर २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं तिकीट थेट हातात. पुरुष संघाने विश्वचषकातली जागा सप्टेंबर २०२५ मध्ये राजगीरचा आशिया चषक जिंकून पक्की केली. आता संघ जाहीर होईल आणि नेहमीप्रमाणे चर्चा होईल ती कर्णधाराची, पहिल्या गोलरक्षकाची आणि वगळलेल्या एखाद्या ज्येष्ठाची.

आमचं म्हणणं बाराव्या ते अठराव्या नावाबद्दल आहे. बाद फेरीत भारत कुठवर जातो हे आमच्या मते बऱ्याच अंशी ही सात नावं ठरवतात. आणि गेल्या काही वर्षांच्या निवडी पाहता ती नावं पहिले अकरा ठरल्यावर, लौकिकाच्या क्रमाने घेतली जातात असं दिसतं. बाक म्हणजे उरलेल्यांची पंगत नव्हे. तिथल्या प्रत्येक जागेला ठरलेलं काम हवं, आणि त्या कामाची तालीम अटीतटीच्या सामन्यात झालेली हवी. एवढंच सांगायला हे पत्र, पण तपशिलात सांगायचं आहे.

आधी हिशेब. सामना ६० मिनिटांचा, १५-१५ मिनिटांची चार सत्रं. गोलरक्षक सोडून मैदानात दहा जण, म्हणजे एकूण ६०० मिनिटांचं खेळणं वाटून घ्यायचं असतं. अठरांच्या संघात दोन गोलरक्षक धरले तर उरतात सोळा. प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी साडेसदतीस मिनिटं. ऑलिंपिकचा संघ सोळांचाच असतो. पॅरिसला आपण एकच गोलरक्षक घेतला, म्हणजे पंधरा जणांत ४० मिनिटं. त्यातला एक गळाला की चौदांत जवळपास ४३. तीन मिनिटांनी काय बिघडतं, असं वाटेल. पण सरासरी फसवी असते. मधले बचावपटू फारसे बाहेर येतच नाहीत, त्यामुळे एक माणूस कमी झाल्याचा सगळा बोजा आघाडी आणि मधल्या फळीवर पडतो. आघाडीचा खेळाडू चार ते सहा मिनिटं पूर्ण वेगाने पळून प्रतिस्पर्ध्यावर दाब टाकतो, बाहेर येतो, दम घेतो आणि परत जातो. बाकावरचा एक जण घटला की पहिली कात्री लागते ती या दम घेण्याला.

त्याचा परिणाम चौथ्या सत्रात दिसतो, तोही गोलफलकावर दिसण्याआधी मैदानात. दाब टाकायला पहिला फॉरवर्ड वेळेवर पोहोचतो, दुसरा दोन पावलं मागे राहतो, चेंडू त्या फटीतून बाहेर पडतो. मग मधल्या फळीला मागे पळत यावं लागतं, टॅकल उशिरा होते, आणि उशिराच्या टॅकलला हिरवं किंवा पिवळं कार्ड मिळतं. हिरवं म्हणजे दोन मिनिटं, पिवळं म्हणजे किमान पाच मिनिटं दहा जणांत खेळणं, म्हणजे उरलेल्यांचा दम आणखी तुटणं. टीव्हीवर आपण म्हणतो, ‘शेवटच्या मिनिटांत एकाग्रता गेली’. एकाग्रता शेवटच्या मिनिटांत जाते, पण तिची वाट दुसऱ्या सत्रातल्या अदलाबदलीतच लागलेली असते.

जून २०२५ मधला प्रो लीगचा, म्हणजे आघाडीच्या देशांमधल्या साखळी स्पर्धेचा, युरोप दौरा आठवा. सलग सात पराभव. त्यातले सहा एकेका गोलाने. नेदरलँड्सकडून १-२ आणि २-३, अर्जेंटिनाकडून ३-४ आणि १-२, ऑस्ट्रेलियाकडून दोनदा २-३. त्यानंतर बेल्जियमकडून ३-६, आणि शेवटी बेल्जियमवरच ४-३ असा विजय. नेदरलँड्सविरुद्धचे दोन्ही निर्णायक गोल अखेरच्या काही मिनिटांत झाले. खेळण्याची कुवत कमी असलेला संघ या देशांकडून सहा वेळा एका गोलाने हरत नाही, तो चार गोलांनी हरतो. आपण बरोबरीने खेळत होतो आणि शेवटच्या वळणावर मागे पडत होतो. त्या दौऱ्यावर तावातावाने लिहिलं गेलं, प्रशिक्षकांना बोल लावले गेले. बाकावरच्यांना किती मिनिटं, कोणत्या सत्रात आणि कोणत्या कामासाठी मिळाली, हे कोणी विचारलं नाही.

आता जानेवारी २०२३, ओडिशातला विश्वचषक. गटात भारताने स्पेनला २-० हरवलं, इंग्लंडशी ०-० बरोबरी केली आणि वेल्सला ४-२ हरवलं. इंग्लंडचे आणि आपले गुण सारखे, पण गोलफरकात आपण मागे, म्हणून थेट उपांत्यपूर्व फेरीऐवजी न्यूझीलंडविरुद्ध क्रॉसओव्हर, म्हणजे उपांत्यपूर्व फेरीत जाण्यासाठीचा जादा बाद सामना खेळावा लागला. इंग्लंडविरुद्ध हार्दिक सिंगचा मांडीमागचा स्नायू दुखावला होता. त्याच्याशिवाय आपण वेल्सशी खेळलो, आणि तो स्पर्धेबाहेर गेल्याचं क्रॉसओव्हरच्या आदल्या दिवशी जाहीर झालं. त्याच्या जागी राखीवातला राजकुमार पाल आला. म्हणजे मधल्या फळीतला सर्वांत वेगवान दुवा तुटला आणि त्याची जागा घेणाऱ्याचा स्पर्धेतला पहिलाच सामना बाद फेरीचा होता. ३-१ अशी आघाडी घेऊन आपण ३-३ वर आलो आणि शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरीनंतर एकेकाने गोलरक्षकासमोर चेंडू घेऊन जायच्या प्रयत्नांत, ४-५ हरलो. यजमान असून अर्जेंटिनाबरोबर संयुक्त नववं स्थान.

राजकुमार त्या दिवशी कमी पडला का? मुळीच नाही. आपल्या चार यशस्वी प्रयत्नांपैकी दोन त्याचे होते. त्याच शूटआउटमध्ये गोलरक्षक श्रीजेशला दुखापत झाली आणि उरलेले प्रयत्न अडवायला कृष्ण पाठकला यावं लागलं. एका सामन्याचा शेवट विसाव्या क्रमांकाच्या खेळाडूवर आणि दुसऱ्या गोलरक्षकावर येऊन ठेपला होता. दीड वर्षाने पॅरिसला ग्रेट ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीच्या शूटआउटमध्ये विजयी चेंडू गोलात ढकलणारा कोण होता? हाच राजकुमार पाल. मधल्या काळात त्याला सामने मिळाले होते, एवढाच फरक. गुण तेच होते.

पॅरिसच्या त्या सामन्याकडे अजून बारकाईने बघायला हवं, कारण आमचा मुद्दा त्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. ४ ऑगस्ट २०२४. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड. उरलेली ४३ मिनिटं भारत दहा जणांत खेळला, १-१ वर टिकला आणि शूटआउट ४-२ जिंकला. त्या बचावाचं कौतुक झालं ते रास्तच होतं. पण किंमत दोन दिवसांनी चुकवावी लागली. रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली, दाद मागूनही ती उठली नाही आणि जर्मनीविरुद्ध उपांत्य सामन्यात आपण सोळाऐवजी पंधराच उतरलो. नुसता एक बचावपटू कमी झाला असता तर निभावलं असतं. रोहिदास दोन कामं करत होता: आपल्यावर पेनल्टी कॉर्नर (गोलरेषेवरून चेंडू ढकलून सुरू होणारी गोलची संधी) आला की पहिला रशर, म्हणजे फटका अडवायला गोलरेषेवरून धावून जाणारा, तोच, आणि कर्णधार हरमनप्रीतनंतर ड्रॅगफ्लिक (कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढत फेकण्याचा फटका) मारणाऱ्यांत त्याचं नाव पुढे. एका कार्डाने कामांच्या तक्त्यातले दोन रकाने रिकामे झाले. जर्मनीचा पहिला गोल गोंझालो पेयाटने पेनल्टी कॉर्नरवरच केला. सामना २-३ असा गेला. तो गोल रोहिदासने अडवलाच असता असं कोणी म्हणू शकत नाही. पण त्याच्या कामाची तेवढीच तालीम झालेला दुसरा माणूस तिथे असायला हवा होता, हे मात्र म्हणता येतं.

पहिल्या रशरचं काम बाहेरून सोपं दिसतं. हेल्मेटसारखा मुखवटा, गुडघ्याला पॅड, हातात जाड ग्लोव्ह, चेंडू ढकलला गेला की पळायचं. प्रत्यक्षात तो गोलरक्षकाशी केलेला करार असतो. रशर एक बाजू बंद करतो, गोलरक्षक दुसरी सांभाळतो. धावण्याची रेष अर्ध्या फुटाने चुकली तर तो चेंडू अडवत नाही आणि गोलरक्षकाची नजरही झाकतो; दोन्हीकडून नुकसान. बदली रशर सहसा दोन चुका करतो. एक, तो फ्लिक मारणाऱ्याच्या अंगावर जातो, चेंडूच्या रेषेवर जात नाही. दुसरी चूक घाईची. चेंडू खेळला जाण्याआधीच तो गोलरेषेवरून सुटतो. तसं झालं की पंच त्याला मध्यरेषेपलीकडे पाठवतात आणि त्याच्या जागी दुसरा कोणी घेता येत नाही. म्हणजे पाचांऐवजी चारांनी कॉर्नर अडवायचा. ही घाई केवळ सरावाने जाते, आणि सराव म्हणजे शिबिरात आपल्याच फ्लिकरसमोर धावणं नव्हे, कारण त्याची लय पाठ झालेली असते. बेल्जियम, ऑस्ट्रेलिया, जर्मनी यांच्याविरुद्धच्या सामन्यांत दुसऱ्या रशरला मुद्दाम उतरवा. प्रो लीगचा एखादा गोल जास्त बसला तरी चालेल.

आपल्या बाजूने मिळणाऱ्या पेनल्टी कॉर्नरचं गणित याहून नाजूक आहे. पॅरिसला भारताने १५ गोल केले आणि त्यातले १० एकट्या हरमनप्रीतचे. ही अभिमानाची गोष्ट आहे आणि काळजीचीही. नियम असा की पेनल्टी कॉर्नर दिला गेल्यापासून तो पूर्ण होईपर्यंत बदली करता येत नाही; अपवाद फक्त जखमी किंवा निलंबित गोलरक्षकाचा. कॉर्नरवर पुन्हा कॉर्नर मिळाला तर तोही संपेपर्यंत थांबावं लागतं. त्यामुळे शिट्टी वाजली तेव्हा फ्लिकर बाकावर दम खात बसला असेल तर तो तिथेच बसून राहतो. पहिला फ्लिकर बाहेर असेल तेव्हा दुसरा मैदानात असलाच पाहिजे, हा अदलाबदलीचा पहिला नियम ठरवायला हवा. चेंडू ढकलणारा आणि थांबवणारा यांनाही तो लागू आहे. तिघांपैकी एक जरी बाहेर असेल तरी ठरलेली चाल मोडते आणि मग कोणीतरी नाइलाजाने सरळ फटका मारतो. तो पहिला फटका गोलाच्या तळाशी असलेल्या ४६० मिलिमीटरच्या फळीपेक्षा उंच असून चालत नाही, त्यामुळे गोलरक्षकाने आडवं पडलं की काम झालं. ड्रॅगफ्लिकला ही उंचीची अट नाही. तिची सगळी किंमत त्यातच आहे.

दुसरा फ्लिकर आला की आणखी एक अडचण येते, जी पत्रकारांच्या गॅलरीतून दिसत नाही. प्रत्येक फ्लिकरचं शेवटचं पाऊल वेगळ्या लांबीचं असतं. एकाला चेंडू पुढच्या पायाच्या रेषेत थांबलेला हवा असतो, दुसऱ्याला हातभर मागे. चेंडू ढकलल्यापासून फटका सुटेपर्यंतचा सगळा खेळ दोन सेकंदांच्या आतला. तेवढ्यात थांबवणाऱ्याने जागा बदलायची असेल तर ती सवय शेकडो वेळा घोटलेली हवी. शिबिरात बहुतेक वेळा पहिल्या तिघांची जोडणी घोटली जाते आणि दुसऱ्या फ्लिकरला सरावाच्या शेवटी, उरलेल्या चेंडूंवर, जो असेल तो थांबवणारा मिळतो. मग सामन्यात चेंडू स्टिकखालून निसटला की दोष फ्लिकरच्या माथी. दुसऱ्या फ्लिकरला पहिल्याच थांबवणाऱ्याबरोबर रोजच्या सरावातले निदान एक तृतीयांश चेंडू द्यावेत. कॉर्नर लावायला मिळणारे ४० सेकंद सरावातही घड्याळ लावूनच मोजावेत. शिबिरात मिनिटभर बोलत उभं राहायची सवय लागते आणि सामन्यात तीच आड येते.

जुगराज सिंगचं उदाहरण तुमच्यासमोरच आहे. २०२३ च्या विश्वचषकात तो अठरांबाहेरचा राखीव, पॅरिसलाही सोळांबाहेरचा राखीव. पॅरिसनंतर महिन्याभराने चीनमध्ये आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात एकमेव गोल त्याने केला. तोही मैदानी, कॉर्नरवरचा नव्हे. २०२४-२५ च्या हॉकी इंडिया लीगमध्ये १२ गोलांसह तो सर्वाधिक गोल करणारा ठरला, आणि अंतिम सामन्यात बंगाल टायगर्सकडून त्याने हॅटट्रिक केली. पॅरिसला पाठवलं असतं तर पदकाचा रंग बदलला असता, असा आमचा दावा नाही. सोळांच्या संघात जागा फारच कमी असतात आणि त्यावेळी रोहिदास आणि संजय असे आणखी दोन फ्लिकर संघात होते. पण अशा खेळाडूला ‘राखीव’ म्हणून कायम दारात उभं करण्याऐवजी, कोणत्या प्रसंगी तो आत येईल हे लिहून ठेवलेलं असावं. दिलप्रीत सिंगचंही तेच. पॅरिसच्या सोळांत तो नव्हता. राजगीरच्या अंतिम सामन्यात कोरियाविरुद्धच्या ४-१ विजयातले दोन गोल त्याचे.

महिला संघाने तर याची किंमत अख्ख्या ऑलिंपिकने चुकवली. जानेवारी २०२४, रांचीची पात्रता स्पर्धा. वंदना कटारिया स्पर्धेच्या तोंडावर जखमी होऊन बाहेर गेली. उपांत्य सामन्यात जर्मनीशी २-२, शूटआउटमध्ये ३-४ अशी हार. दुसऱ्याच दिवशी पॅरिसच्या शेवटच्या तिकिटासाठी जपानविरुद्ध तिसऱ्या जागेचा सामना. सहाव्या मिनिटाला काना उराताने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला आणि उरलेली ५४ मिनिटं भारताला बरोबरी साधता आली नाही. पेनल्टी कॉर्नर मिळत राहिले, गोल एकही झाला नाही. शूटआउटपर्यंत ताणलेल्या सामन्यानंतर चोवीस तासांच्या आत पुन्हा तेवढ्याच जोराने खेळायचं असेल तर तो सामना पहिल्या अकरांच्या जिवावर काढता येतच नाही. अशा वेळी आदल्या दिवशी बाराएक मिनिटं खेळलेली मुलगी दुसऱ्या दिवशी पस्तीस मिनिटं खेळू शकली पाहिजे, आणि तिला कॉर्नरच्या दुसऱ्या-तिसऱ्या चालीतली आपली जागा डोळे मिटून माहीत असली पाहिजे. त्या संघात साताऱ्याकडची वैष्णवी फाळके होती. अशा मुलींची नावं इथल्या लोकांना आता कुठे पाठ होऊ लागली आहेत. त्यांना अशा दिवशी नुसतं बचाव करत पळायला लावू नका.

गोलरक्षकाबद्दल थोडक्यात. श्रीजेश पॅरिसनंतर निवृत्त झाला. आशिया चषकाच्या संघात कृष्ण पाठक आणि मुंबईचा सूरज करकेरा हे दोघे होते. दोन गोलरक्षकांना आलटून पालटून सत्रं देण्याची पद्धत चांगली आहे, ती मोडू नका. मात्र शूटआउटचा सराव दोघांचा वेगळा आणि सारखाच करून घ्या. तिथे २३ मीटरवरून निघालेल्या खेळाडूला आठ सेकंद मिळतात. गोलरक्षक किती पुढे येतो, कोणत्या बाजूला ढकलतो, पहिली झेप कधी घेतो यावर सगळं ठरतं, आणि ही कला नेहमीच्या गोलरक्षणापेक्षा वेगळी आहे. ऑलिंपिकला दुसरा गोलरक्षक सोळांत नसतो, पण विश्वचषकाला असतो. तिथे शूटआउटसाठी दुसरा अधिक चांगला असेल तर त्याला उतरवायला कचरू नये.

शूटआउट मारणाऱ्या पाच जणांविषयी एक गोष्ट सतत विसरली जाते. बरोबरी झाली तर पुढच्या फेरीत हेच पाच जण पुन्हा येतात, क्रम बदलला तरी चालतो. म्हणजे प्रत्येकाकडे किमान दोन वेगवेगळ्या चाली हव्यात, कारण पहिली गोलरक्षकाने नुकतीच पाहिलेली असते. आणि पाच नावं ६० मिनिटांनंतर ठरवायची नसतात. चौथ्या सत्राच्या मध्याला, बरोबरी दिसू लागली की त्या पाचांपैकी दोन-तीन जणांना एकेक फेरी बाहेर बसवा. दम लागलेला पाय आठव्या सेकंदाला चेंडू उचलून टाकू शकत नाही. हे करायचं तर त्यांच्या जागी कोण जाणार, हे आधीच ठरलेलं लागतं. पुन्हा तेच सात जण.

मग निवड कशी करावी? कागद घ्या आणि डाव्या बाजूला नावं लिहू नका, कामं लिहा. कॉर्नरला चेंडू ढकलणारा, थांबवणारा, फ्लिक मारणारा, कॉर्नर अडवताना पहिला आणि दुसरा रशर, खांबावर उभा राहणारा, मागून हवेतून लांब चेंडू फेकणारा, डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, चेंडू वळवणारा, दाब टाकण्याची सुरुवात करणारा, मधल्या फळीत चेंडू स्टिकशी ठेवून दोघांना चकवणारा, शूटआउटचे पाच, पेनल्टी स्ट्रोक मारणारा. प्रत्येक कामासमोर पहिलं, दुसरं आणि तिसरं नाव. मग एकेका नावावर काट मारून बघा. हार्दिक गेला, काय उरलं? हरमनप्रीत गेला, काय उरलं? जिथे दुसरा रकाना रिकामा राहतो ते काम करणारा माणूस अठरांत यायलाच हवा, मग तो विसाव्या क्रमांकाचा खेळाडू का असेना. आणि एकाच माणसाचं नाव दोन महत्त्वाच्या कामांत पहिलं असेल तर त्यातलं एक काम दुसऱ्याला द्यायला आत्तापासून सुरुवात करा. रोहिदासचा धडा हाच होता.

यावर आक्षेप येतो तो आम्हाला ठाऊक आहे: जोड्या जुळायला वेळ लागतो, सतत माणसं बदलली तर लय बिघडते, प्रो लीगचे गुण जातात, क्रमवारी घसरते. खरं आहे. म्हणून बदल सरसकट करू नयेत. एका सामन्यात एका फळीत एकच नवा माणूस, पण तो पहिल्या सत्रापासून, आणि चौथ्या सत्रातही. आज असं होतं की सामना हातात आला की बाकावरचे आत येतात आणि सामना अडला की बाहेर जातात. अशाने त्यांना सोपी मिनिटं मिळतात, अवघड मिळत नाहीत. आणि बाद फेरीत सोपी मिनिटं नसतात. २०२३ चा विश्वचषक जिंकलेला जर्मनीचा संघ उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम अशा तिन्ही सामन्यांत ०-२ ने मागे पडला होता आणि तिन्ही वेळा परत आला. त्यात जिद्द होतीच, पण जिद्द पळवायला शेवटच्या पंधरा मिनिटांत ताजे पायही लागतात.

हॉकी इंडिया लीगकडूनही इथे काही मागण्यासारखं आहे. २४ जणांच्या संघात १६ भारतीय आणि त्यात चार ज्युनियर असा नियम आहे, तो उत्तम. पण परदेशी ड्रॅगफ्लिकर घेतला की भारतीय तरुण फ्लिकर कॉर्नरला नुसता उभा राहतो. संघमालकांना जिंकायचं असतं, त्यांचा दोष नाही. ठरावीक सामन्यांत किमान काही कॉर्नर भारतीय खेळाडूने घ्यावेत, अशी अट घालता येईल का, ते बघावं. डिसेंबर २०२५ मध्ये ज्युनियर संघाने मायदेशी विश्वचषकात कांस्य मिळवलं. त्या मुलांना वरच्या संघात आणताना ‘भविष्यातला तारा’ म्हणून आणू नका, अमुक कामाचा दुसरा किंवा तिसरा माणूस म्हणून आणा. एक काम नीट येणारा विशीतला मुलगा बाद फेरीत उपयोगी पडतो. सगळं थोडं थोडं येणारा तिथे गोंधळतो.

शेवटचा मुद्दा वेळापत्रकाचा, आणि तो तातडीचा आहे. ऑगस्टच्या अखेरीस विश्वचषक संपेल, १९ सप्टेंबरला आशियाई स्पर्धा उघडेल. पॅरिसला १३ दिवसांत आठ सामने खेळल्यावर खेळाडूंच्या अंगात किती उरलं होतं ते तुम्ही पाहिलं आहे. तोच संघ तसाच जपानला नेला तर पहिले दोन सामने थकव्यात जातील आणि पुढचे दुखापतींत. पूर्ण दोन वेगळे संघ करा असंही आम्ही म्हणत नाही, कारण ऑलिंपिकचं तिकीट दुसऱ्या फळीच्या भरवशावर सोडण्याइतके आपण अजून श्रीमंत नाही. आमची मागणी अशी: विश्वचषकाचे अठरा आणि राखीव जाहीर कराल त्याच दिवशी आणखी आठ ते दहा जणांचा गट जपानसाठी ठरवा. त्यांचं शिबिर बेंगळुरूला विश्वचषक चालू असतानाच भरवा, कॉर्नरच्या त्याच चाली, त्याच खुणा, त्याच घड्याळावर. त्यात एक गोलरक्षक, एक फ्लिकर, चेंडू थांबवणारा एक आणि एक रशर असलेच पाहिजेत. विश्वचषकात ज्यांनी सर्वाधिक मिनिटं घातली त्या पाच-सहा जणांना परतल्यावर दहा दिवस स्टिक हातात घेऊ देऊ नका. त्यांच्या जागा आशियाई स्पर्धेच्या गटसाखळीत या गटाने भराव्यात आणि त्यांनी उपांत्य फेरीला ताजं यावं. महिला संघासाठीही तारखा त्याच असल्याने हाच तक्ता लावावा. हे ठरवायला नवा पैसा फारसा लागत नाही, पण जून संपण्याआधी ठरवावं लागेल. नंतर व्हिसा, विमानं आणि सरावसामने यांत तेवढे दिवस उरणार नाहीत.

कामांचा तक्ता आम्ही पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांसाठी तयार केला आहे. तुम्ही मागितलात तर पाठवतो. त्यात तुम्हाला चुका दिसल्या तर त्याही कळवा.

आपले,
महाराष्ट्रातले काही हॉकी प्रशिक्षक, पंच आणि सामना-विश्लेषक